भिंत पाडण्यापूर्वी

वर्तकनगरातील आमच्या जुन्या वसाहतीत पावसाळा सरला की हातोड्यांचे आवाज सुरू होतात. गृहनिर्माण मंडळाच्या काळातील या इमारती. लिफ्ट नाही, जिने अरुंद. घरे आटोपशीर: बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, मोरी, संडास आणि पुढे बहुतेकांनी खोलीत ओढून घेतलेली गॅलरी. वागळे इस्टेटमधील कारखान्यांत, रेमंडच्या गिरणीत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत नोकऱ्या करून ज्यांनी येथे संसार मांडले, ती माणसे आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. मुले कर्ती झाली आहेत आणि त्यांना घर मोकळे हवे आहे. मग स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधील भिंत पाडायची, ओटा हॉलमध्येच आणायचा, दाराआडचे कोपरे नाहीसे करायचे, अशी आखणी होते. घरात उजेड येतो, वारा खेळतो, पाहुणे कौतुक करतात.

तीन वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले. आग्रह माझाच होता. अभियंत्याला बोलावले, ती भिंत इमारतीचा भार पेलणारी नाही, असे त्याने कागदपत्रे पाहून सांगितले. सोसायटीची लेखी परवानगी घेतली. मिस्त्री, सुतार, रंगारी सगळ्यांशी बोलणी झाली. विचारले नाही ते फक्त सासूबाईंना. त्यांचे वय तेव्हा एक्क्याऐंशी. त्यांना घर मोकळे झालेले आवडेल, हे मी गृहीतच धरले होते.

काम संपून तीन आठवडे झाले असतील. रात्री अडीचच्या सुमारास धप्पकन आवाज आला. सासूबाई हॉलच्या मधोमध पडल्या होत्या. डाव्या मनगटाचे हाड मोडले होते. दिवाणाला टेकवून बसवले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, तिथं भिंत होती ना. हात लावायला गेले, तर काहीच नाही."

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी रुग्णांना पडण्यापासून जपण्याचे सल्ले देत आले आहे. त्या एका वाक्याने मला जे शिकवले, तेच या लेखात मांडत आहे.

भिंत हीच काठी

माणूस तोल सावरतो तो तीन आधारांवर: डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. उतारवयात तिन्ही क्षीण होतात. बाहुली आक्रसते, भिंग पिवळसर होते. साठीतील डोळ्याला विशीतील डोळ्याच्या सुमारे तिप्पट प्रकाश लागतो. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात. शिवाय रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर अंथरुणातून एकदम उठताच रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

अशा वेळी शरीर चौथा आधार शोधते: हाताचा स्पर्श. भिंतीवर भार टाकावा लागत नाही. बोटे नुसती टेकलेली असली तरी शरीराचे झुलणे कमी होते, कारण आपण कोठे आहोत हे मेंदूला बोटांतून कळत राहते. घरातील ज्येष्ठ कसे चालतात ते एकदा शांतपणे पाहा. दिवाणाच्या कडेवरून खुर्चीच्या पाठीवर, तेथून दाराच्या चौकटीवर, चौकटीवरून भिंतीवर हात सरकत असतो. ही साखळी वर्षानुवर्षांत बसलेली असते. तिच्यासाठी दिवा लावावा लागत नाही, विचारही करावा लागत नाही. भिंत पाडली की साखळीची मधली कडी निखळते. दहा-बारा फुटांचे मोकळे अंतर तरुणाला ऐसपैस वाटते. ऐंशीच्या माणसाला रात्री ते काठ न दिसणाऱ्या पाण्यासारखे वाटते.

पडणे ही क्षुल्लक बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वांत मोठी असते. मृत्यू टळला तरी पुढचे दुखणे लांबते. सासूबाईंचे मनगट सहा आठवड्यांच्या प्लास्टरने जुळले. भीती मात्र प्लास्टरबरोबर सुटली नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पिईनात. त्यातून बद्धकोष्ठता झाली, मग लघवीचा जंतुसंसर्ग झाला. चालणे घटले तसे मांड्यांचे स्नायू रोडावले आणि खुर्चीतून उठताना हात धरावा लागू लागला. हे सारे एका मोडलेल्या मनगटातून नव्हे, पडण्याच्या धास्तीतून आले. घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडली, तर हाडाइतकेच त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतील चालण्याकडे आणि पाणी पिण्याकडे लक्ष ठेवावे, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते.

इमारत काय म्हणते?

आपल्या हिताचा विचार करण्याआधी इमारतीच्या प्रकृतीचा विचार व्हायला हवा. जुन्या इमारती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. काहींमध्ये स्लॅबचा भार विटांच्या भिंतीच पेलतात. काहींमध्ये खांब आणि तुळयांचा सांगाडा असतो व भिंती केवळ आडोशाच्या असतात. पहिल्या प्रकारात भिंत पाडणे म्हणजे वरच्या मजल्याखालचा पाय काढून घेणे. भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची, यावरून मिस्त्री अंदाज बांधतात; पण जाडी हा पुरावा नव्हे. मधल्या काळात खालच्या-वरच्या घरांनी काय फेरफार केले आहेत, हेही पाहावे लागते. म्हणून निर्णय संरचना अभियंत्याचाच, आणि तोही लेखी.

भिंतच नव्हे, लादीही जड असते. जुन्या लादीवरच नवी लादी बसवण्याची पद्धत सर्रास आहे. पाच सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर दर चौरस मीटरला सुमारे 100 किलो भरतो. तीन मीटर बाय चार मीटरच्या एका खोलीत हा भार 1,200 किलोंवर जातो. लादीचे वजन निराळे. गळतीने सळ्या गंजलेल्या स्लॅबने हे ओझे पेलावे, अशी आपली अपेक्षा असते. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जणांचे प्राण गेले. त्याआधी 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धिसाई इमारत पडून सतरा जण दगावले. तेथे तळमजल्यावरील अंतर्गत फेरफारांकडे बोट दाखवले गेले. एका घराची सजावट ही संपूर्ण इमारतीची बाब असते, ती अशी.

तीस वर्षे उलटलेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने आवश्यक आहे. अशा इमारतींच्या सोसायट्यांनी दर तीन वर्षांनी तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. आपल्या सोसायटीचा शेवटचा अहवाल मागून घ्या. त्यात इमारतीची वर्गवारी असते: सी-1 म्हणजे राहण्यास अतिधोकादायक, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन वर्गांत आपले घर असेल, तर सजावटीचा विषय तेथेच थांबवावा. स्लॅबचे पोपडे पडणे, सळई उघडी होणे, दारे एकाएकी घट्ट बसू लागणे, भिंतीला तिरकी भेग जाणे या खुणा दिसल्यास अहवालाची वाटही पाहू नये.

मोकळ्या घराच्या जमेच्या बाजू

यावरून मोकळे घर वाईट, असे मला म्हणायचे नाही. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ते वरदान ठरू शकते. ओट्यापाशी उभे राहून दिवाणावरील आजोबांवर लक्ष राहते. पक्षाघातानंतर चाकाची खुर्ची वापरावी लागली, तर तिला वळण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची जागा लागते. जुन्या स्वयंपाकघराच्या दारात ती कधीच मिळत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला संडासाचे दार अंथरुणावरून दिसत राहिले, तर तो ते कमी विसरतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एकटेपणा. भाजी निवडता निवडता घरातील बोलणे कानावर पडते, आपले मत देता येते. बंद खोलीतील वार्धक्यापेक्षा हे कितीतरी निरोगी.

तेव्हा प्रश्न भिंत ठेवावी की पाडावी, एवढाच नाही. ती भिंत घरातील ज्येष्ठांसाठी कोणकोणती कामे करीत होती, हे आधी लिहून काढावे आणि प्रत्येक कामाला पर्याय दिल्यावरच हातोडा उचलावा. हाताला आधार देणे हे त्यांतील पहिले काम. बाकीची तीन सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

कान, श्वास आणि झोप

वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे शब्द कानावर पडतात, पण उमगत नाहीत. भिंत गेली की मिक्सर, कुकरची शिटी, दूरचित्रवाणी आणि नळाचे पाणी एकाच खोलीत गोळा होते. श्रवणयंत्र लावलेल्यांना तर हा सारा कोलाहल मोठा होऊन ऐकू येतो. ते यंत्र काढून ठेवतात आणि आपण म्हणतो, बाबा हल्ली बोलतच नाहीत. जाड पडदे, कापडी बैठक, पुस्तकांचे कपाट यांनी आवाजाचा घुमारा कमी होतो. बाबांशी बोलायचे असेल तेव्हा मिक्सर थांबवणे हा मात्र सर्वांत स्वस्त उपाय.

दुसरी गोष्ट फोडणीची. दमा किंवा जुनाट श्वासविकार असलेल्यांना मिरचीचा ठसका आणि तेलाचा धूर थेट अंथरुणापर्यंत पोहोचणे सोसवत नाही. चिमणी बसवायची तर तिची नळी बाहेर सोडलेली असावी. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी चिकटपणा अडवते. ज्वलनातून निघणारे वायू आणि वाफ घरातच राहतात. शिवाय उतारवयात वासाची जाणीव मंदावते, त्यामुळे गॅसची गळती ज्येष्ठांना लवकर कळेलच असे नाही. ज्या खोलीत शेगडी तेथेच कोणी झोपत असेल, तर रात्री रेग्युलेटर बंद करण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी.

तिसरी गोष्ट झोपेची आणि लज्जेची. आपल्याकडील लहान घरांत आजी-आजोबांचे अंथरूण बहुधा बाहेरच्या खोलीतील दिवाणावरच असते. पूर्वी स्वयंपाकघराचे दार लोटले की निदान मागचा उजेड आणि भांड्यांचा आवाज अडत असे. आता घरातील शेवटचा माणूस झोपेपर्यंत त्यांची रात्र सुरू होत नाही. कपडे बदलणे, पाठीला तेल लावणे, आजारपणात बेडपॅन देणे हेही सर्वांच्या देखत. तक्रार ते करीत नाहीत. फक्त अंघोळीला आणि कपडे बदलायला टाळाटाळ करू लागतात. छताला पट्टी लावून सरकता जाड पडदा बसवला, तरी हा प्रश्न बराचसा सुटतो. पडद्याच्या आत त्यांच्या हाताशी दिव्याचे बटण, पाणी आणि चष्मा ठेवायला जागा हवी.

रात्रीची फेरी

घराची आखणी कागदावर करण्याआधी एक प्रयोग अवश्य करा. रात्री सर्व दिवे मालवून ज्येष्ठांच्या अंथरुणावर आडवे व्हा, उठा आणि संडासापर्यंत अनवाणी जाऊन या. पावले मोजा. प्रत्येक दोन पावलांवर हात कशाला टेकतो, ते टिपून ठेवा. नवे घर झाल्यावर हीच फेरी पुन्हा करा. ती करताना पुढील गोष्टी तपासा.

• अंथरुणापासून संडासापर्यंत आधाराची साखळी कोठेही तुटू नये. कमरेइतके उंच, भिंतीला किंवा जमिनीला पक्के केलेले कपाट भिंतीची जागा घेऊ शकते. चाके असलेले टेबल किंवा प्लास्टिकची खुर्ची हा आधार नव्हे.

• या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा रात्रभर असावा किंवा चाहूल लागताच पेटणारा दिवा बसवावा. डोळ्यांवर येणारा छताचा दिवा रात्री दिपवतो.

• ओटा हॉलमध्ये आला की सांडलेले पाणी आणि तेलाचे थेंबही चालण्याच्या वाटेवर येतात. गुळगुळीत चकाकती लादी टाळावी. खरखरीत पृष्ठभागाची घ्यावी. पायपुसणे सरकते असेल तर काढून टाकावे.

• खोल्यांमधील उंबरे काढताना मोरीचे पाणी बाहेर येणार नाही, असा उतार द्यावा. अर्ध्या इंचाचा उंबरा दोन इंचांच्या उंबऱ्याहून फसवा असतो, कारण तो दिसत नाही. ठेवावाच लागला, तर ठळक रंगाची पट्टी लावावी.

• संडासाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असेल, तर त्याचे शरीरच दार अडवते. कमोडची बैठक जमिनीपासून साधारण 45 ते 48 सेंटिमीटर उंच असावी आणि आधाराचा दांडा विटांच्या भिंतीत पक्का बसवावा. पोकळ फळीवर किंवा नुसत्या चोषकांवर भरवसा ठेवू नये.

• पांढऱ्या लादीवर पांढरा कमोड आणि पांढरी भिंत मंद दृष्टीला एकच दिसते. बैठक किंवा मागची भिंत वेगळ्या रंगाची असावी.

• अंथरुणातून उठताना एक मिनिट कडेला पाय सोडून बसावे, मगच उभे राहावे. वरील कोणत्याही खर्चापेक्षा ही सवय मोलाची आहे.

काम चालू असताना

तोडफोडीच्या दिवसांत ज्येष्ठांना नातेवाइकांकडे ठेवावे. विटा, सिमेंट आणि लादी कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी मारत कापायला सांगावे. जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासू देऊ नयेत. घरी परत आणल्यावर पहिले दोन आठवडे रात्री त्यांच्यासोबत कोणीतरी उठावे. आम्ही नेमके हेच केले नाही. चाळीस वर्षांच्या सवयीची वाट शरीर तीन आठवड्यांत विसरत नाही.

आमच्या भागात अनेक इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. थोड्याच वर्षांसाठी खर्च कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा घरांनी भिंतींना हात न लावता दांडे, दिवे, पडदे, कमोडवरील उंच बैठक एवढेच करावे. यांतील जवळजवळ सारे उघडून सोबत नेता येते. नव्या मनोऱ्यांतील सदनिका बहुधा मोकळ्या आखणीच्याच असतात. तेथे जाताना निदान अंथरुणाची बाजू तीच ठेवावी: उजव्या हाताला भिंत होती, तर नव्या घरातही उजव्या हाताला भिंत.

सासूबाईंसाठी आम्ही पुन्हा भिंत उभारली नाही. तिच्या जागी सुतारांकडून एक लांब, ठेंगणे कपाट करून घेतले आणि त्याच्या वरच्या कडेला गोल लाकडी दांडा बसवला. दांड्याची उंची किती, असे सुतारांनी विचारले. वैद्यकात याची एक साधी रीत आहे: नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहायचे, हात सैल सोडायचे आणि मनगटाची घडी जेथे येते तेथे खूण करायची. मी ते सांगत असतानाच सासूबाई खुर्चीतून उठल्या, सपाता पायांत सरकवल्या आणि प्लास्टर नसलेला हात सोडून फळीला लागून उभ्या राहिल्या. "इथे कर रे बाबा," त्या सुतारांना म्हणाल्या, "मला रात्री लागतो तो." पेन्सिलीची ती खूण दांड्याखाली अजून आहे.